होडीचं टोचन

आमच्या पिकअपला पहिलं भोक पाडलं, त्या दिवशी माझा नवरा जेवला नाही. ताटावर बसला, भातात चमचा फिरवला, पाणी प्यायला आणि उठला. मी म्हटलं, "अरे, भोक गाडीला पाडलंय, तुझ्या पोटाला नाही." त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ड्रिल मशीन मीच चालवलं होतं.

त्याचंही बरोबर आहे म्हणा. माझा नवरा काचा पोचवतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या, कपाटांच्या. वर्षानुवर्षं पाठीमागे काच घेऊन फिरल्यामुळे तो रिकामी गाडीसुद्धा काच भरल्यासारखीच चालवतो. सायकलवाले त्याला मागे टाकून जातात आणि जाताना हात हलवतात. पण इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक काच तडकली नाही, आणि त्या पांढऱ्या पिकअपवर एक ओरखडा उठला नाही. रोज संध्याकाळी फडकं घेऊन तो तिच्याभोवती फिरतो. "माझ्याकडे कधी इतकं लक्ष देऊन बघितलंयस का?" असं एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "तू कुठे दिवसभर धुळीत उभी असतेस?" अशा माणसाशी काय भांडायचं! मी तरीही भांडते, ते वेगळं.

भोक पडलं ते अक्कांपायी. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी नणंद. त्यांची आई दोन-दोन पाळ्या करायची, त्यामुळे ह्याला न्हाऊमाखू घालणं, शाळेत पोचवणं, मारामारी करून आला की आधी औषध आणि मग धपाटा देणं, हे सगळं अक्कांनीच केलं. त्या अजून त्याला 'छोट्या' म्हणतात. छोट्या आता एवढा उभा-आडवा आहे की बहुतेक घरांच्या दारातून जाताना त्याला मान तिरकी करावी लागते. फक्त आमच्या घरात करावी लागत नाही, कारण आमचं दार अक्कांनी स्वतः केलंय आणि मापं घेताना भावाला भिंतीशी उभं केलं होतं. आमचं लग्न झालं तेव्हापासून त्या समोरच्या खोलीत राहतात. नणंद-भावजय म्हटलं की लोकांना भांड्याला भांडं लागल्याचा आवाज ऐकू येतो. आमचंही लागायचं. पण खरं सांगायचं तर त्या घरात माझ्या बाजूने बोलणारं दुसरं माणूस नव्हतं.

अक्कांनी जन्मभर दारं-खिडक्या केल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "आता भिंतीत बसणारं काही करायचं नाही." आणि फाटकाजवळच्या शेडमध्ये त्यांनी होडी करायला घेतली. आमच्या घरापासून पाणी म्हणाल तर नळाचं. तरी त्यांनी फळ्या आणल्या, वाफेवर वाकवल्या, आणि त्या वाफेपायी माझं मोठं पातेलं गेलं ते गेलंच. कित्येक हिवाळे आम्ही जेवणात भुसा खाल्ला. पण होडी पुरी झाली तेव्हा अख्खी गल्ली येऊन तिच्यावरून हात फिरवून गेली. समोरचे दातांचे डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "सांधा कुठे आहे तेच कळत नाही हो!" अक्का म्हणाल्या, "कळला असता तर तिथूनच पाणी आत आलं असतं."

आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर एक मोठं तळं आहे. तिथे होड्या दुरुस्त करणारी एक बाई आहे, अक्कांचं जुनं गिऱ्हाईक. तिचा निरोप आला. हाताखाली नको, बरोबरीने काम करणारं माणूस हवंय. कामाच्या जागेवरच खोली आहे, खिडकी पाण्यावर उघडते. मात्र हंगाम सुरू व्हायच्या आत या. एकदा लोकांच्या होड्या पाण्यात उतरायला लागल्या की मला थांबता यायचं नाही, मग मी दुसऱ्या कोणाला तरी घेईन.

अक्कांनी हे जेवताना सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज लहान मुलीसारखा वर-वर जात होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. माझा नवरा एकदम म्हणाला, "मी नेतो तुला. होडीसकट. परक्याच्या ट्रकवर कशाला? पिकअपला टोचन बसवू."

टोचन म्हणजे मागे दुसरी गाडी ओढायची व्यवस्था. मला वाटलं, दोर बांधायचा आणि निघायचं. कसलं काय!

टोचन बसवायला वेल्डर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण ठिणग्या उडून त्याच्या एकूण एक शर्टाला भोकं पडली आहेत. चॅसी म्हणजे गाडीचा कणा. तिच्या दोन्ही बाजूंना त्याने भोकं पाडली, जाड आडवी पट्टी बोल्टने आवळली आणि पट्टीच्या मधोमध संत्र्याएवढा लोखंडी गोळा बसवला. ज्यावर होडी ठेवायची त्या ट्रेलरच्या दांडीला पुढे खोलगट तोंड असतं. ते या गोळ्यावर टोपीसारखं बसतं, खटका पडतो, की झालं. म्हणजे मला वाटलं झालं.

मागे वजन आलं की गाडीचं नाक वर उठतं, म्हणून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक-एक जादा पाटा घातला. ट्रेलरला दिवे हवेत, म्हणून वायरी ओढल्या. डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचा उजवा लागायचा. ठिणगी म्हणाला, "गाडी लबाड आहे." नवरा म्हणाला, "माझ्या गाडीला नाव ठेवायचं काम नाही, वायर तू उलटी जोडलीस." त्यावरून दोघं अख्खी दुपार एकमेकांशी बोलले नाहीत आणि एकमेकांसाठीचे निरोप माझ्यामार्फत धाडत राहिले. ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक बसले. समजा गोळ्यावरून तोंड सुटलंच, तर ट्रेलर उनाडासारखा रस्त्याने जाऊ नये म्हणून दोन साखळ्या आल्या. मग होडी रुंद, तिच्या पलीकडचं दिसायला हवं, म्हणून लांब दांड्यांचे मोठे आरसे दोन्ही बाजूंना लागले. गल्लीने गाडीचं नाव 'हत्तीण' ठेवलं.

"झालं का रे छोट्या?" अक्का रोज विचारायच्या.

"झालंच. एवढं एकच राहिलंय."

आणि ते एक काही संपेना. वाटेत चढ लागला तर गिअरबॉक्सचं तेल तापेल, म्हणून ते थंड ठेवायची जाळी बसली. मग ट्रेलरला एक जादा चाक. मग आणखी एक जादा चाक, कारण "एक पंक्चर झालं की दुसरं बघून शिकतं." मग साखळ्या बारीक वाटायला लागल्या, जाड आणल्या. मग गोळ्यावर एक बारीकशी रेघ दिसली, म्हणून गोळा बदलायचा विचार सुरू झाला. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे तेलाचं पिंप संपत आलं तरी नमन चालूच होतं.

तळ्यावरच्या बाईचा पुन्हा निरोप आला. येत्या आठवड्यात होड्या उतरायला लागतील, येताय ना?

अक्कांनी तो निरोप भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हो हो, फक्त आरशांचे नट एकदा बदलतो." दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले, तर त्या हत्यारांची पेटी उघडून बसल्या होत्या. केव्हाची भरून ठेवलेली पेटी. त्यातला एक-एक रंधा, एक-एक पटाशी काढून त्या परत भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवत होत्या.

"हे काय अक्का?"

"पेटीत गंज चढतो गं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच अंगणात गेले. नवरा पिकअपच्या खाली आडवा होता, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांना म्हटलं, "शनिवारी सकाळी निघायचं. तुझं काय राहिलंय नि काय नाही, मला ऐकायचं नाही. नाहीतर मी स्वतः अक्कांना होडीत बसवून रस्त्यावरून वल्हवत नेईन, आणि लोकांनी विचारलं तर तुझं नाव सांगेन." पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग खालून आवाज आला, "बरं."

शनिवारी सकाळी आमच्या अंगणात हा एवढा मेळा! ट्रेलर फाटकातून आत ढकलत आणला, दांडी पुढे करून, थेट पिकअपच्या गोळ्यापाशी. गल्लीतल्या सगळ्या धडधाकट लोकांनी होडी शेडमधून उचलून ट्रेलरवर ठेवली. दातांचे डॉक्टरही आले होते, पण त्यांनी हाताला जपून नुसतं "हळू, हळू" म्हणण्याचं काम घेतलं. मग ठिणगीने माझा वजनकाटा मागितला.

"माझा? न्हाणीघरातला?"

"वहिनी, दांडीने गोळ्यावर किती भार टाकायचा त्याला माप असतं. कमी पडला की ट्रेलर रस्त्यात कंबर हलवत नाचतो. जास्त झाला की गाडी मागे बसते आणि पुढची चाकं हलकी होतात."

त्याने दांडीखाली माझा काटा ठेवला. भार कमी भरला. मग होडी वीतभर पुढे सरकवली. आता जास्त झाला. मग बोटभर मागे. "काट्याला एवढं मनाप्रमाणे हलवता येतं हे माहीत असतं तर मीही थोडी मागे सरकून उभी राहिले असते," मी म्हटलं आणि सगळे हसले. अक्काही हसल्या. त्यांची हत्यारं पुन्हा पेटीत गेली होती आणि पेटी पिकअपच्या हौद्यात घट्ट बांधली होती.

खटका पडला. साखळ्या खालून फुलीसारख्या लागल्या. दिवे लागले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मी शिवलेलं जाड कापडाचं आवरण होडीवर चढलं. टाळ्या वाजल्या. नवरा आत बसला, आरसे सारखे केले, चावी फिरवली.

आणि गाडी सुरू करून तो नुसता बसून राहिला.

समोर भिंत होती.

सांगते. आमचं अंगण लांब आणि अरुंद. पिकअप रोज संध्याकाळी सरळ आत येते आणि टोकाच्या भिंतीला नाक लावून उभी राहते, कारण तिथे सावली असते. सकाळी माझा नवरा ती उलटी बाहेर काढतो, डोळे झाकून काढेल इतकी सवय. त्यामुळे टोचन बसलं ते तिथेच, दिवे तपासले ते तिथेच, ट्रेलर जोडला तोही तिथेच. इतके दिवस, इतकी डोकी, इतका खल, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही की आता फाटक आणि पिकअप यांच्यामध्ये होडी उभी आहे. बाहेर पडायचं तर अख्खी वरात उलटी न्यायची. आणि ट्रेलर जोडलेली गाडी उलटी नेणं म्हणजे साधं रिव्हर्स नव्हे. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे पळतो.

"अगं बाई," अक्का म्हणाल्या.

मग सल्ले सुरू झाले. उंटावरचे शहाणे सगळीकडेच असतात, आमच्या गल्लीत तर उंट कमी पडावेत इतके आहेत. कोणी म्हणालं फाटक काढा. कोणी म्हणालं भिंत पाडा. डॉक्टर म्हणाले, "ट्रेलर सोडवा, ढकलत बाहेर न्या आणि रस्त्यावर परत जोडा." तेवढं बोलणं शहाणपणाचं होतं. पण ठिणगीने मान हलवली. "इथून काढाल हो. तळ्यावर काय करणार? होडी पाण्यात सोडायची तर ट्रेलर उलटाच उतरवावा लागतो उतारावरून."

नवरा खाली उतरला. रुमालाने हात पुसले. "मग आज नको," तो म्हणाला. "मागे कॅमेरा बसवून घेऊ. आठवडाभरात होईल. शिवाय हे अंगणच मुळात वाकडं आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मी म्हटलं, आणि तेवढ्यावर थांबले नाही. मी फटकळ आहे, लोकांसमोर बोलू नये ते बोलते. "कॅमेरा कशाला, दुर्बीण बसव! आधी पाटे, मग साखळ्या, मग दोन-दोन चाकं. गाडीचं काही राहिलेलं नाही. तुला अक्कांना जाऊ द्यायचं नाहीये, एवढंच राहिलंय. ते सरळ सांग की, कशाला त्या बिचाऱ्या गाडीच्या मागे लपतोस!"

ठिणगीने उगाचच एक पाना उचलून पुसायला घेतला. माझा नवरा वळला आणि रिकाम्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला.

अक्का त्याच्या मागोमाग गेल्या. मीही गेले. बोलून चुकले होते, आता पळून कुठे जाणार?

शेडमध्ये खाली लाकडाचे कुरळे छिलके पसरले होते आणि मधोमध होडीच्या आकाराची मोकळी जमीन होती. नवरा त्या जमिनीकडे बघत होता.

"खरं आहे ती म्हणतेय ते," तो म्हणाला. "मी घरी आलो की आधी इथला आवाज ऐकतो. ठोकण्याचा. तो ऐकला की मला घरी आल्यासारखं वाटतं. उद्यापासून काय ऐकू?" एवढा मोठा माणूस, आणि लहान मुलासारखा पायाने छिलके उकरत होता. मला माझ्या जिभेचा राग आला आणि त्याचा फार लोभ वाटला.

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "छोट्या, मी मरायला नाही चालले, कामाला चालले आहे."

"ते कळतं मला."

"काय कळतं? अरे, मला नोकरी लागलीय! या वयात! या वयात लोकांना कवळी लागते, मला नोकरी लागलीय. तुला पहिलं काम मिळालं तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरले होते की माझा भाऊ काचा पोचवतो. आणि माझी वेळ आली तर तू तोंड पाडून बसतोस? मिरव की जरा! नाक वर करून सांग लोकांना!" त्यांनी त्याचा दंड धरून हलवला. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या घरात जाऊन खिडक्या बसवल्या रे. माझ्यासाठी बाहेर काय दिसतं ते कधी पाहिलं नाही. आता मला पाण्यावर उघडणारी खिडकी मिळतेय. मला ती पाहिजे. आणि तिथे मला तूच पोचवायला पाहिजेस, दुसरं कोणी नको."

नवऱ्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग तो हसला. रडू आणि हसू अशी सरमिसळ झाली की त्याचे कान लाल होतात, तसे झाले.

"अक्का," तो म्हणाला, "ते सगळं खरं. पण मला ट्रेलर मागे घेता येत नाही, हेसुद्धा खरंच आहे."

यावर आम्ही तिघंही इतके हसलो की बाहेरचे लोक शेडच्या दारात डोकवायला आले.

ठिणगीने त्याला शिकवलं. "स्टिअरिंग वरून नाही धरायचं. हात खाली ठेव, एकदम तळाला. आता ट्रेलरची शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात ने. बस, बाकी डोकं चालवू नकोस." सांगायला सोपं. पहिल्या खेपेला ट्रेलर असा काही वळला की होडीचं टोक अक्कांच्या खोलीच्या खिडकीपाशी गेलं. "जाताना निरोप घेतेय," मी म्हटलं. पुढे घेतली, परत मागे. दुसऱ्या खेपेला ती माझ्या कपड्यांच्या दोरीत शिरली आणि एक उशीचा अभ्रा घेऊन बाहेर आली. गल्ली एका सुरात ओरडत होती. अर्धे डावीकडे म्हणत होते, अर्धे उजवीकडे, आणि डॉक्टर "आ करा, आ करा" म्हटल्यासारखे दोन्ही हातांनी काहीतरी मोठं दाखवत होते.

नवऱ्याने ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सगळे गप्प बसा! अक्का, तू मागे जाऊन उभी राहा. फाटकात. आरशात मला दिसशील अशी."

अक्का फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. साडीचा पदर खोचलेला, दोन्ही हात वर. त्या एवढ्या मोठ्या आरशात त्या पायापासून डोक्यापर्यंत दिसत होत्या. मी खिडकीपाशी उभी होते, मलाही दिसत होत्या. नवऱ्याने हात तळाला ठेवला. काच पोचवताना जातो तसा, हळू, अगदी हळू. अक्का एक पाऊल मागे सरकल्या, ट्रेलर एक पाऊल मागे गेला. अक्कांनी उजवा हात हलवला, शेपूट उजवीकडे झाली. होडी सरळ झाली. ट्रेलरची चाकं फाटकातून बाहेर पडली, मग दांडी, मग गोळा, मग पिकअपचा मागचा भाग.

आणि तेव्हा तो आवाज आला. करकरत, लांबलचक. फाटकाच्या खांबाने पांढऱ्या पिकअपच्या कुशीवर हातभर रेघ ओढली.

मी तर डोळेच मिटले.

गाडी थांबली नाही. मी डोळे उघडले, तर माझा नवरा आरशातल्या अक्कांवरची नजर न काढता तसाच मागे चालला होता. पिकअप पूर्ण बाहेर आली, रस्त्यावर वळली आणि होडीसकट एका रेषेत उभी राहिली. मग गल्लीने जो काही गलका केला! ठिणगीने डॉक्टरांना मिठी मारली आणि त्यांच्या शर्टावर ग्रीसचे दहाही बोटांचे ठसे उमटवले.

आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. मधे अक्का. वाटेत सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले, आणि एकदा एक म्हातारा पायी. चढ आला, तेल तापलं नाही. उतार आला, ट्रेलरने आपले ब्रेक आपण लावले. दोन्ही जादा चाकं तशीच कोरी राहिली. मी उकडलेली अंडी आणली होती, ती सोलून दोघांना भरवत होते. अक्का दर थोड्या वेळाने मागच्या काचेतून होडी आहे ना ते बघत होत्या आणि नवरा दर थोड्या वेळाने अक्कांकडे बघत होता. खाणावळ दिसो की पेट्रोलपंप, गाडी थांबली की तो कोणालाही धरून सांगायचा, "ही माझी बहीण. हिला तळ्यावर काम लागलंय. होडी तिनेच केलीय." पेट्रोल भरणारी बाई म्हणाली, "हो का?" तर त्याने तिला आवरण उचलून सांधे दाखवले.

तळ्याच्या काठी सिमेंटचा उतार थेट पाण्यात गेलेला होता. होड्यांची बाई बाहेर आली. बुटकी, जाडजूड, हाताला रंग लागलेला. होडीभोवती एक फेरी मारून तिने अक्कांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही येत नाही." तिच्या मागच्या खोलीची खिडकी उघडी होती.

उतारावर नवऱ्याने एका दमात ट्रेलर उलटा उतरवला. खरंच एका दमात. मला वाटतं, त्याचं त्यालाही खरं वाटलं नाही. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली, बुडाली, आणि होडीच्या तळाशी पाणी चाटायला लागलं. अक्का चप्पल काढून होडीत चढल्या. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून दोर धरून होता. मग त्या लाकडात काहीतरी बदललं. इतकी वर्षं जे जमिनीवर वजन होऊन बसलं होतं, ते हललं, उचललं गेलं आणि हलकं झालं.

"तरंगतेय!" माझा नवरा ओरडला. "अक्का, तरंगतेय! अगं बघ, तरंगतेय ती!"

"तरंगण्यासाठीच केलीय," अक्का म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून रडायला लागल्या, आणि रडतारडता म्हणाल्या, "सोड आता दोर."

त्याने दोर सोडला.

अक्कांनी वल्ही घेतली. पहिल्या दोन-चार फटक्यांना होडी गोलच फिरली, मग सरळ झाली. त्या लांब गेल्या, उन्हात लहान झाल्या, आणि त्यांचं मोठ्याने हसणं पाण्यावरून आमच्यापर्यंत आलं. मी काठावर बसून पोटभर रडले. इतकं छान रडू मला फार दिवसांत आलं नव्हतं. नवरा भिजलेल्या पँटने येऊन माझ्याशेजारी बसला आणि त्याने माझा हात धरला. पिकअपकडे त्याने वळूनही बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने अक्का काठाला आल्या. तळाशी थोडं पाणी आलं होतं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. लाकूड पाणी पिऊन फुगलं की सांधे आपोआप मिटतात, म्हणाल्या. मग होडीचा काठ धरून त्यांनी भावाकडे बघितलं.

"छोट्या, हंगाम संपला की ये हं न्यायला."

"कोणाला?"

"मला आणि हिला. लाकडी होडी हिवाळाभर पाण्यात ठेवतात होय? दर वर्षी घरी न्यायची, शेडमध्ये खरवडायची, रंगवायची, आणि हंगामाला परत आणायची. तुला काय वाटलं, एका दिवसासाठी मी तुझ्या गाडीला भोकं पाडू दिली?"

बघता बघता माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. मग तो उठला, रिकाम्या ट्रेलरपाशी गेला, वाकून पिकअपच्या खाली बघितलं, आणि मला हाक मारून म्हणाला, "अगं, येताना लाकूड भिजलेलं असेल. वजन वाढणार. पाटा अजून एक घालावा लागेल."